सिनेमाच्या आट्यांवर बसलेली लेन्स

कारखान्यातल्या तपासणी-कॅमेऱ्यावर झूम लेन्स आट्यांनी घट्ट बसते. १ इंच व्यास, इंचाला ३२ आटे. हा ‘सी-माउंट’ मुळात १६ मिमी सिनेकॅमेऱ्यांचा!

झूमही सिनेमानेच रुजवली. १९३२ मध्ये इंग्लंडच्या टेलर, टेलर अँड हॉबसनने ४० ते १२० मिमी नाभीय अंतराची ‘कुक वारो’ झूम लेन्स आणली.

मग झूम सूक्ष्मदर्शकातही शिरली: १९५९ साली अमेरिकेत बॉश अँड लोंबचा ‘स्टिरिओझूम’ सूक्ष्मदर्शक आला. मूठ फिरवली की सोल्डरचा ठिपका सलग मोठा होई. आधी विवर्धन टप्प्याटप्प्याने बदलावं लागे.

पुढे डोळ्याच्या जागी कॅमेरा बसला. दर कामाला नवी लेन्स घडवणं कुणाला परवडणार? मग झूमचा गाभा कायम ठेवून खालचं जोडभिंग आणि वरची नळी तेवढी बदलायची. ०.५ पटीचं जोडभिंग लावलं, तर दिसणाऱ्या जागेची रुंदी दुप्पट होते, पण बारकावा निम्म्यावर येतो.