नाव, नांगर आणि मासिक : ‘किर्लोस्कर’ या नाममुद्रेची घडण

‘ब्रँड’ या व्यापारी संज्ञेसाठी मराठीत ‘नाममुद्रा’ असा प्रतिशब्द योजला जातो. तो अर्थपूर्ण आहे. मुद्रेमागे एके काळी राजसत्तेचा शब्द उभा असे. मुद्रा उमटली की कागदाला वजन येई. बाजारातील नावामागे अशी कोणती सत्ता असते, आणि ती नसेल तर गिऱ्हाईक त्या नावावर विश्वास का ठेवते, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात एका उदाहरणाच्या आधारे तपासावयाचा आहे.

किर्लोस्कर हे आडनाव मराठी कानांना प्रथम परिचित झाले ते रंगभूमीमुळे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांचे (१८४३–१८८५) जन्मगाव. त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’ने १८८० मध्ये मराठी संगीत नाटकाचे युग सुरू केले. त्याच गावी १८६९ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. नाटकाच्या कीर्तीवर नांगर खपला, असा निष्कर्ष येथून काढण्याचा मोह टाळला पाहिजे. काळ्या रानातील शेतकऱ्याला ‘शाकुंतल’शी कर्तव्य नव्हते. परंतु पुढे जो सुशिक्षित वर्ग या घराण्याच्या मासिकांचा वाचक झाला, त्याला हे नाव परके नव्हते, एवढे म्हणता येते.

लक्ष्मणराव मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्यातील दृष्टिदोषामुळे तो मार्ग खुंटला आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची निवड झाल्यावर ते नोकरी सोडून बेळगावास परतले. तेथे थोरले बंधू रामूअण्णांसह त्यांचे सायकलचे दुकान होते. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो, तो या दुकानापासून. दुसऱ्याने बनविलेली वस्तू विकणारे हे दुकान होते. नावाला स्वतःची वस्तू अजून मिळावयाची होती.

ती प्रथम कडबा कापण्याच्या यंत्राच्या आणि नंतर लोखंडी नांगराच्या रूपाने मिळाली. नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या समजुतीला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे इतिहासकाराला परवडणारे नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्याच्या हिशेबात दुरुस्त करीत असे. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर जावे कोणाकडे, ही शंका त्या समजुतीच्या आड उभी असणे शक्य आहे. म्हणून बदलता येणारे सुटे भाग, त्यांचा पुरवठा आणि प्रत्यक्ष रानात नांगर चालवून दाखविणे यांना जाहिरातीतील शब्दांहून अधिक मोल होते. खोल मुळांची हरळी निघालेली शेजाऱ्याच्या डोळ्यांना दिसली, की युक्तिवादाची गरज उरत नसे.

बेळगाव नगरपालिकेच्या विस्तारयोजनेमुळे कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि कर्ज देऊ केले. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकानजीकच्या निवडुंगाने माजलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. येथे नावाने वस्तूची मर्यादा ओलांडली, ते गावाचे नाव झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे काम दिले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. अर्थात मालकाने वसविलेल्या गावात मालकाची इच्छा हाच पुष्कळदा नियम असतो. वाडीविषयीच्या गौरवपर लेखनात ही बाजू क्वचितच येते.

साहित्याच्या अभ्यासकास अधिक महत्त्वाची घटना १९२० मधील होय. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (शंवाकि) यांनी त्या वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखाना, त्याचे विक्रेते आणि गिऱ्हाईक यांच्यात दुवा राखणारे हे गृहपत्र होते. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे सर्वसाधारण वाचकांचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्यास येऊन मिळाली. ‘खबर’ हा शब्द गळणे ही सूचक गोष्ट आहे. कारखान्याची बातमी देणारा कागद आता कारखान्याविषयी मौन पाळूनही त्याचे नाव घरोघर नेत होता.

परंतु हे केवळ चतुर जाहिरातशास्त्र होते, असे मानता येत नाही. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ, रूढींवर प्रहार करणारे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या सनातनी वाचकाला ते झोंबत, तोच नांगराचा संभाव्य ग्राहक होता. गिऱ्हाईक दुखावेल असे छापणे निव्वळ व्यापारी हिशेबात बसत नाही. लोखंडाने जमीन विटाळते ही समजूत मोडू पाहणारा नांगर आणि रूढी मोडू पाहणारा निबंध यांत एकच वृत्ती होती, आणि नाममुद्रेचा अस्सलपणा या मेळात शोधावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढे हे नाव मराठी प्रदेशाबाहेर गेले. हरिहर येथील ‘म्हैसूर किर्लोस्कर’ १९४१ मध्ये आणि बंगळुरूची ‘किर्लोस्कर इलेक्ट्रिक’ १९४६ मध्ये स्थापन झाली. तेथील ग्राहकाने ‘मनोहर’ चाळलेले नव्हते. त्याच्यापुरते हे नाव यंत्रसामग्रीच्या भरवशावरच उभे राहिले. म्हणजे एकाच नावाचे दोन अर्थ देशात एकाच वेळी नांदत होते, एक वाचकाचा आणि एक यंत्र वापरणाऱ्याचा.

१९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो याच नावाच्या मालकीचा. किर्लोस्कर डिझेल रिकॉन आणि किर्लोस्कर प्रोप्रायटरी यांच्यातील या वादात, आडनाव आपले असले तरी लोकांची फसगत होईल अशा रीतीने ते व्यापारात वापरता येत नाही, ही भूमिका न्यायालयाने घेतली. गुर्लहोसूरच्या कुळाचे नाव कायद्याच्या दृष्टीने आता रक्षणयोग्य संपत्ती होते. ‘स्त्री’ची गोष्ट वेगळी. त्या मासिकाच्या एके काळच्या संपादक विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. त्या नव्या मासिकाच्या नावात किर्लोस्कर नव्हते, आणि तरीही ‘स्त्री’च्या अनेक वाचकांना ते आपले वाटले.