कट, चेक आणि एक रकाना

चार वर्षांपूर्वी आजीचं कंबरदुखीचं दुखणं वाढलं. आमचं गाव डाळज, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, एका सेंटरचं नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि बजावलं, "तिथलाच रिपोर्ट आणा. दुसरीकडचा चालणार नाही." अण्णांनी उसाच्या बिलाचे पैसे काढले आणि आजीला घेऊन गेले.

त्याच महिन्यात मी पुण्यात बसून एका लॅबसाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यात 'रेफर्ड बाय' हा रकाना सक्तीचा होता. महिनाअखेरीस डॉक्टरवार बेरीज व्हायची, तिच्यासमोर टक्केवारी यायची. ही टक्केवारी कशाची, हे मी विचारलं नाही. टेस्ट पास झाल्या, कोड लाइव्ह गेला.

आपल्याकडे याला 'कट प्रॅक्टिस' म्हणतात. ती बेकायदा नाही असं कुणी समजू नये. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की पेशंट पाठवण्याच्या बदल्यात डॉक्टरने कमिशन घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही. पण हा नियम डॉक्टरला बांधतो. पैसे वाटणारं सेंटर किंवा हॉस्पिटल कौन्सिलच्या हाताबाहेर राहतं.

2013 साली महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना असाच एक चेक आला. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगभर माहीत असलेला हा माणूस. त्यांनी एक पेशंट एमआरआयसाठी पाठवला होता. सेंटरने त्यांना 1,200 रुपये पाठवले. बावस्करांनी चेक परत केला आणि कौन्सिलकडे तक्रार केली. बहुतेक व्यवहार रोखीत, बंद पाकिटात होतात. इथे कागद हाती होता, म्हणून गोष्ट बाहेर आली. पुढे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 78 डॉक्टरांशी बोलून आतला कारभार त्यांच्याच तोंडून मांडला.

2017 मध्ये मुंबईत एका हृदयरोग रुग्णालयाने 'डॉक्टरांना कमिशन नाही' असा फलक लावला, तर डॉक्टरांच्या संघटनेनेच त्यावर आक्षेप घेतला. त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला, त्यात तुरुंगवासाची तरतूद होती, लोकांकडून सूचनाही मागवल्या. कायदा मात्र झाला नाही.

अमेरिकेत असा कायदा आहे. 1972 मध्ये तिथे लाचेला गुन्हा ठरवलं गेलं. पण लाच सिद्ध करायला हेतू सिद्ध करावा लागतो. म्हणून 1989 मध्ये पीट स्टार्क या खासदाराच्या पुढाकाराने दुसरा कायदा आला: ज्या लॅबमध्ये डॉक्टरचा किंवा त्याच्या घरच्यांचा आर्थिक संबंध आहे, तिथे त्याने सरकारी विम्याचा पेशंट पाठवायचाच नाही. काही अपवाद आहेत, पण हेतू काय होता हा प्रश्नच नाही.

मला यातला 'सरकारी विमा' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. तिथे कटचे पैसे सरकारच्या खिशातून जात होते, म्हणून सरकारला ते दिसले. आपल्याकडे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने औषध कंपन्यांना बजावलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटी खर्च म्हणून दाखवून करसवलत घेता येणार नाही. तिथेही तिजोरीचा संबंध होता. अण्णांच्या खिशातून गेलेले पैसे कुठल्याच सरकारी हिशोबात चुकत नाहीत. एमआरआयच्या पावतीवर पूर्ण रक्कम असते, त्यातला कट वेगळा छापलेला नसतो.

तो वेगळा फक्त माझ्यासारख्याने लिहिलेल्या रिपोर्टमध्ये दिसतो.

मागच्या दिवाळीत हे सगळं मी अण्णांना सांगितलं. आजीला खरंच एमआरआयची गरज होती का, हे आता कळायला मार्ग नाही. असेलही. कटचा सगळ्यात मोठा तोटा हाच, की चांगल्या सल्ल्यावरही संशय येतो. अण्णा सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ते डॉक्टर घेत असतील, देव जाणे. पण तो रकाना तू कशाला केलास?"

मी ती नोकरी सोडून दोन वर्षं झाली. रकाना अजून चालू असणार.