दोन काचा, एक क्षितिज: धुक्यातल्या पहाटेचा छायाचित्र-इतिहास

१/ धुक्याने भरलेली दरी आणि डोंगरामागून वर येणारे सूर्यबिंब. डोळ्यांना दोन्ही दिसतात. कॅमेऱ्याला एका छायाचित्रात दोन्ही पेलत नाहीत. आकाश साधले तर दरी काळवंडते, दरी उजळली तर आकाश पांढरेफटक होते. म्हणून आजचे छायाचित्रकार ‘ब्रॅकेटिंग’ करतात: कॅमेरा न हलवता कमी, मध्यम आणि जास्त एक्सपोजरची तीन छायाचित्रे घेतात व ती एकत्र करतात. ही कल्पना मात्र डिजिटल युगाहून बरीच जुनी आहे.

२/ १८५१ मध्ये प्रचारात आलेली ओल्या कोलोडियनची काच प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाशातील ढग पुसले जात.

३/ फ्रान्सच्या ग्युस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सागरचित्रांत यावर तोडगा काढला. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी. क्षितिजरेषेवर दोन्हींचा सांधा. १८५७ चे ‘द ग्रेट वेव्ह’ असेच घडले. त्याच्या काही चित्रांत तर वेगवेगळ्या समुद्रांवर एकच आकाश आढळते!

४/ इथेच वादाची ठिणगी होती. इंग्लंडच्या हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून ‘फेडिंग अवे’ हे चित्र रचले. पुढे पीटर हेन्री इमर्सन या जोडकामाविरुद्ध उभा राहिला. नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशातील जीवन टिपणाऱ्या इमर्सनचा १८८९ च्या ‘नॅचरॅलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथातील आग्रह निसर्गाशी इमान राखण्याचा होता.

५/ १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी प्रकाश व निगेटिव्हची घनता यांचे नाते आलेखात मांडले. छटांचा तोल छायाचित्रकाराच्या मर्जीवर फारसा नसतो, हे उमगताच इमर्सनने छायाचित्रण ही कला असल्याचा आपला दावाच मागे घेतला. कॅमेरा मात्र त्याने खाली ठेवला नाही. १८९५ च्या ‘मार्श लीव्ह्ज’मधील त्याची धूसर, विरळ चित्रे आजही मन वेधतात.

६/ शतकभराने, १८९७ नव्हे तर १९९७ मध्ये, पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्सपोजरच्या छायाचित्रांतून कॅमेऱ्याचा प्रतिसाद-आलेख शोधून दृश्यातील प्रकाशाची संपूर्ण व्याप्ती एकत्र करण्याची पद्धत मांडली. ज्या आलेखाने इमर्सनला निराश केले, त्याच्याच वारसाने मर्यादेवर मात केली.

७/ तरीही धुके स्थिर राहत नाही. तीन छायाचित्रांच्या मधल्या क्षणांत ते सरकते आणि जोडलेल्या चित्रात त्याच्या भुतासारख्या दुहेरी कडा उमटतात. ब्रॅकेटिंगने प्रकाशाचा प्रश्न सुटला. पण निरनिराळ्या क्षणांना एक क्षण म्हणावे का, हा जोडचित्रांचा जुना प्रश्न प्रत्येक धुकट पहाटे नव्याने उभा राहतो.