वर्ग नावाचे गाव : इजिमेच्या अभ्यासाकडे वळताना

जपानमध्ये शाळकरी मुलांनी संगनमताने केलेल्या एखाद्या मुलाच्या छळाला ‘इजिमे’ म्हणतात. या विषयाकडे नव्याने वळणारा वाचक बहुधा एक जपानी म्हण सोबत घेऊन येतो : वर आलेला खिळा ठोकला जातो. समाजाला वेगळेपण खपत नाही, म्हणून मुलांनाही खपत नाही, असा हा सरळ हिशेब. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. एदो काळातल्या खेड्यांत ‘मुराहाचिबू’ हा बहिष्कार होता. आग आणि अंत्यविधी सोडले तर बहिष्कृत घराशी कोणी संबंध ठेवत नसे. पण वाळीत टाकणे महाराष्ट्रालाही नवे नाही, त्याविरुद्ध आपल्याला 2016 चा कायदा करावा लागला. म्हणजे बहिष्काराची परंपरा एवढ्याने इजिमेचा उलगडा होत नाही.

अभ्यासकांनी म्हण बाजूला ठेवून वर्गाकडे पाहिले, तेव्हा विषय खऱ्या अर्थाने उघडला. इंग्लंडमधला छळ बराचसा मैदानावर होतो आणि त्यात वरच्या वर्गातली मुलेही असतात. जपानमध्ये तो मुख्यतः आपल्याच वर्गात, वर्गमित्रांकडून होतो. तिथला वर्ग हे एक गावच असते. दुपारचे जेवण मुले वर्गातच वाढून घेतात, झाडलोट स्वतः करतात; क्रीडादिन, सहल, समूहगान, सारे वर्गाने मिळून. आपल्याकडे या झाडलोटीचे फार कौतुक होते, आणि ते रास्तही आहे. मात्र ज्याच्याशी कोणी बोलायचे नाही असे ठरले आहे, त्या मुलाला याच व्यवस्थेत दिवसभर कुठे सरकायला जागा नसते. संस्कृती शोधायची ती इथे, वेळापत्रकात.

समाजशास्त्रज्ञ मोरिता योजी यांनी छळणारा आणि छळला जाणारा यांच्याभोवती आणखी दोन वर्तुळे दाखवली : हसून साथ देणारे आणि न पाहिल्यासारखे करणारे. वय वाढते तसे मध्ये पडणारे कमी होतात. इंग्लंड व नेदरलँड्समध्ये ही संख्या पुढे पुन्हा वाढते, जपानमध्ये ती घसरतच जाते, असे त्यांच्या तुलनेत दिसले. 1986 मध्ये आत्महत्या केलेल्या तोक्योतल्या एका मुलाची वर्गात आधीच खोटी अंत्ययात्रा झाली होती. श्रद्धांजलीच्या कागदावर काही शिक्षकांच्याही सह्या होत्या. प्रौढही त्या वर्तुळांत असू शकतात, हे या प्रकरणाने उघड केले.

आकडे जपून वाचावेत. 2005 मध्ये सुमारे 20 हजार असलेली इजिमेची सरकारी नोंद 2006 मध्ये सव्वा लाखाच्या घरात गेली. मुले एका वर्षात बिघडली नव्हती, व्याख्या आणि नोंदीची रीत बदलली होती. ओत्सु शहरातल्या एका शाळकरी मुलाच्या 2011 मधील आत्महत्येनंतर 2013 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तो मुलांना इजिमे करण्यास मनाई करतो, पण त्यासाठी शिक्षा सांगत नाही.

उपायांबाबत एकमत नाही. समाजशास्त्रज्ञ नाइतो आसाओ तर वर्गपद्धतीच मोडीत काढा म्हणतात. मला ते टोकाचे वाटते, पण छळाचे मूळ वर्गाच्या बंदिस्त रचनेत आहे, हे त्यांचे निदान नाकारता येत नाही. नव्या वाचकाने आधी मोरिता वाचावेत, मग नाइतो, आणि दोघांचा मेळ घालण्याची घाई करू नये.