पाच सेंटांवरची दाढी

नाणं पाच सेंटांचं. एका बाजूला बायसन उभा आहे, त्याच्या पाठीवरचं वशिंड झिजून गुळगुळीत झालंय. नाणं उलटवलं की चमकायला होतं. जिथे केसांत पिसं खोवलेला अमेरिकेचा मूळ रहिवासी असायला हवा, तिथे गोल हॅट घातलेला एक दाढीवाला बाबा आहे. दाढीचा केस न् केस सुटा दिसतोय. कान आहे, शर्टाची कॉलर आहे, हॅटभोवती फीतसुद्धा आहे. टांकसाळीने हे केलेलं नाही. चलनातलं नाणं घेऊन कुणीतरी जुना चेहरा खरवडून काढला आणि त्याच धातूतून हा नवा माणूस उभा केला.

अशा नाण्याला अमेरिकेत ‘होबो निकल’ म्हणतात. निकल म्हणजे तिथलं पाच सेंटांचं नाणं, आणि होबो म्हणजे मालगाडीत चोरून चढून कामाच्या शोधात गावोगाव हिंडणारा मजूर. होबोला भिकारी म्हटलेलं चालत नसे. तो कापणीला, लाकूडतोडीला, रस्त्याच्या कामाला जायचा, आणि काम संपलं की पुढची गाडी पकडायचा. रुळांच्या कडेला या लोकांचे तळ पडत. त्यांना ते ‘जंगल’ म्हणत, भोवती एकही झाड नसलं तरी.

पण या कलेची गोष्ट होबोपाशी सुरू होत नाही. नाण्यावर कोरायची खोड त्याच्या फार आधीची. 1797 साली इंग्लंडमध्ये तांब्याची एक अवाढव्य पेनी निघाली. ती 36 मिलिमीटर रुंद होती, वजन पुरं एक औंस, आणि कडा इतकी जाड की लोक तिला ‘गाडीचं चाक’ म्हणू लागले. ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर निघालेल्या कैद्यांसाठी ही पेनी म्हणजे पाटीच झाली. तिच्यावरचा राजा घासून सपाट करायचा आणि त्या जागी आपलं नाव, शिक्षेची वर्षं, मागे राहणाऱ्या बायकोसाठी किंवा आईसाठी दोन ओळी कोरायच्या किंवा टोचून घ्यायच्या. अशी तीनशेहून अधिक नाणी आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दहा सेंटांच्या चांदीच्या नाण्यावर प्रियजनांची आद्याक्षरं कोरून घ्यायची टूम निघाली. काही वात्रटांनी तर डॉलरवर बसलेल्या लिबर्टीदेवीच्या बुडाखाली शौचाचं भांडं कोरलं.

या सगळ्यात अक्षरं होती, थट्टा होती, पण चेहरा घडवायला लागणारा धातू नव्हता. दहा सेंटांचं नाणं लहान आणि पातळ. तो धातू मिळाला 1913 साली.

त्या वर्षी शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांचं ‘बफेलो निकल’, म्हणजे तेच बायसनवालं नाणं, चलनात आलं. फ्रेझर यांचं बालपण डाकोटाच्या माळरानावर गेलेलं. या नाण्यात त्यांनी मूळ रहिवाशाचं डोकं जवळजवळ काठापासून काठापर्यंत भरलं आणि त्याला भरघोस उठावही दिला. नाणं जेमतेम 21 मिलिमीटरचं, वजन पाच ग्रॅम, तीन भाग तांबं आणि एक भाग निकल. एवढ्याशा चकतीवर एवढं मोठं कपाळ, एवढं नाक, एवढी जाड वेणी म्हणजे कोरणाऱ्याला आयता कच्चा मालच मिळाला. आधीच्या बहुतेक छोट्या अमेरिकी नाण्यांत चेहऱ्याला इतकं मांस नव्हतं. शिवाय नाणं अगदी कुणाच्याही खिशात असायचं. 1938 पर्यंत अशी सुमारे 120 कोटी नाणी पडली.

कोरण्यातली युक्ती अशी, की नाण्यावर भर घालता येत नाही, फक्त काढता येतं. त्यामुळे हॅट डोक्यावर ‘घालायची’ नसते. ती केसांतच असते, तिच्याभोवतीचा धातू खाली न्यायचा असतो. वेणीच्या वरच्या भागातून कान काढायचा, मानेजवळच्या उठावातून कॉलर. गालावर बारीक उभ्या रेघा ओढल्या की दाढी उगवते. मागची मोकळी जागा घासून साफ करायची, नाहीतर पुसलेल्या पिसांची भुतं हॅटच्या मागे दिसत राहतात. काहींनी बायसनलाही सोडलं नाही. त्याचा हत्ती झाला, कासव झालं, गाढव झालं, आणि कधी पाठीवर बोचकं घेतलेला होबोच झाला. हत्यारं म्हणाल तर खिशातला चाकू, आरी, कानस, घासून टोक काढलेला खिळा. तांबं-निकलचा हा मिश्रधातू चांदीपेक्षा बराच चिवट आहे, हे लक्षात घेतलं की त्या दाढीच्या रेघांकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

जुन्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावं गेली. दोन राहिली. एक बर्ट्रम वीगंड, म्हणजे बर्ट. त्याची सही मोठी मिश्कील. नाण्यावर मुळातच असलेल्या इंग्रजी ‘लिबर्टी’ या शब्दातली पहिली दोन आणि शेवटचं एक अक्षर तो खरवडून टाकायचा. उरायचं ‘बर्ट’. दुसरा त्याचा चेला, जॉर्ज वॉशिंग्टन ह्यूज, ऊर्फ बो. मिसिसिपीतला हा कृष्णवर्णीय मुलगा कोवळ्या वयात घर सोडून मालगाडीत चढला, एका ‘जंगलात’ त्याला बर्ट भेटला, आणि पुढची कित्येक दशकं तो कोरत राहिला. छिन्नी निसटून हाताला कायमची इजा झाल्यावर त्याचं काम ओबडधोबड होत गेलं, असं सांगतात. जेवणाच्या किंवा रात्रीच्या आसऱ्याच्या बदल्यात ही नाणी दिली जात, हेही असंच सांगोवांगी चालत आलेलं.

इथे जरा थांबायला हवं. जुनी कोरीव निकल सगळी होबोंचीच, असं मानायला आधार नाही. सैनिकांनी कोरली, हौशी लोकांनी कोरली, पेशाने नक्षीकाम करणाऱ्यांनीही कोरली. ‘होबो निकल’ हे नाव सर्वतोमुखी झालं ते फार नंतर, 1982 साली डेल्मा रोमाइन्स यांचं याच नावाचं पुस्तक आल्यावर. बर्ट आणि बो लोकांना ठाऊक झाले ते मुख्यतः त्यातूनच. म्हणजे ज्या वेळी होबो जवळजवळ संपले होते, त्या वेळी त्यांच्या नावाने ही वस्तू ओळखली जाऊ लागली. पुनरुज्जीवनाची सुरुवातही तिथूनच. 1992 मध्ये नाणेतज्ज्ञ बिल फिवाझ यांच्या पुढाकाराने संग्राहकांची ‘ओरिजिनल होबो निकल सोसायटी’ उभी राहिली. जुन्याची पारख, नव्याची नोंद, लिलाव असं सगळं सुरू झालं. जुन्याला भाव आल्यावर नकलाही येणारच, म्हणून नवे कारागीर आपल्या कामावर सहसा सही कोरतात.

हे नवे कारागीर आले कुठून? बरेचसे बंदुकीवर आणि चाकूच्या मुठीवर नक्षी कोरणारे होते. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता आणि हवेच्या दाबावर चालणारी छिन्नीही होती. कॅन्ससमधल्या एम्पोरियाच्या जीआरएस कंपनीने असली यंत्रं बाजारात रुळवली. भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव घालणाऱ्याच्या हातातलं ते टर्रर्र करणारं यंत्र आठवा. तत्त्व त्याच घरातलं: ठोके यंत्र देतं, हात फक्त दिशा देतो. फरक एवढाच, की इथे टोक केसाएवढी रेघ ओढतं.

या मंडळींना निकल लवकरच अपुरं पडलं. येकातेरिनबर्गचे रशियन कारागीर रोमान बुतिन यांनी 38 मिलिमीटरचा चांदीचा मॉर्गन डॉलर घेतला आणि त्याच्या पोटात यंत्रणा बसवली. त्यांच्या एका नाण्यात सापळा आहे. मध्ये सोन्याचं आमिष, आणि त्याला स्पर्श झाला की बारीक जबडे खटकन मिटतात. त्यांच्या कामाला लिलावात दहा हजार डॉलरच्या वर बोली गेली आहे. कौशल्याला तोड नाही, पण बघताना नाण्यापेक्षा घड्याळाची आठवण जास्त येते. बर्टच्या तीन खोडलेल्या अक्षरांतली गंमत निराळीच.

अमेरिकेत हे चालतं, कारण तिथे नाण्याला हात लावणं तेवढ्याने गुन्हा ठरत नाही, फसवणुकीचा हेतू असावा लागतो. आपल्याकडचा 2011 चा नाणे कायदा कडक आहे. नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला त्यात सरळ मनाई आहे. म्हणून हौस वाटली तरी खिशातल्या रुपयावर कानस फिरवू नये.

अमेरिकेतल्या कारागिरांना कच्चा माल अजून स्वस्तात मिळतो, त्याचं श्रेय फ्रेझर यांच्या एका चुकीला. त्यांनी सालाचा आकडा मूर्तीच्या खांद्याच्या उंचवट्यावर टाकला आणि चलनात फिरताना सगळ्यात आधी तोच झिजला. बिनसालाच्या नाण्याला संग्राहक फारसं विचारत नाहीत. अशी निकल थोडक्या पैशांत मूठभर मिळतात, आणि त्यांतली ज्यांच्या वेणीवर अजून पुरेसा धातू शिल्लक आहे तेवढी निवडून कोरणारे घरी नेतात.