तरवड

भाद्रपदाच्या पावसानंतर मराठवाड्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या माळावर पिवळंधमक दिसू लागतं, ते तरवडाचं फूल. नवरात्रात घटावर त्याची माळ चढते.

शास्त्रज्ञांनी या झुडपाला कान दिले. लिनियसने १७५३ साली त्याला ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ म्हटलं. लॅटिन ‘ऑरिक्युला’ म्हणजे लहानसा कान, आणि तरवडाच्या पानाच्या देठाशी खरोखरच कानाच्या पाळीसारखी उपपर्णं असतात. फांदी हातात घेतली की लगेच दिसतात. पुढे त्याची प्रजाती बदलून ‘सेन्ना’ झाली. हे नाव अरबी ‘सना’वरून आलं. मक्केची सना ती ‘सनामक्की’. आपली सोनामुखी तीच. परक्या शब्दाला मराठी कानाने सोनं आणि मुख दोन्ही बहाल केलं! पावसाळ्यात भाजीला येणारा टाकळाही याच कुळीचा.

शेजारच्या तेलंगणात तरवड म्हणजे ‘तंगेडू’. तिथलं ते राज्यफूल, बतुकम्मा या सणातल्या फुलांच्या रचनेत मानाचं.

मराठवाड्यात मात्र फुलापेक्षा सालीला काम जास्त होतं. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. ते कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून कातडं कुजत नाही. ढोर समाजातले कारागीर तरवड आणि बाभळीच्या सालीत कातडी कमावत. विहिरीवरची मोट, पायातली वहाण या कसबावर उभी होती. पुढे क्रोमची रसायनं आली, मोटेच्या जागी पंप आला आणि सालीची मागणी ओसरली.

झुडूप माळावरच राहिलं. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळे दुष्काळातही ते हिरवं दिसतं.