मातृभाषा न सोडणारा निर्वासित

गाय स्टर्न यांचा जन्म १४ जानेवारी १९२२ रोजी जर्मनीतील हिल्डेसहाइम येथे एका यहुदी घराण्यात झाला. नाझी छळ वाढल्यावर १९३७ साली आईवडिलांनी या थोरल्या मुलास अमेरिकेत नातलगांकडे धाडले. मागे राहिलेल्यांना बोलावून घेण्याचे त्यांचे प्रयत्न निष्फळ ठरले. आई, वडील, धाकटा भाऊ आणि बहीण यांपैकी कोणीही वाचले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते. जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीवरील चढाईनंतर तीन दिवसांनी, ते तेथे उतरले. जर्मन युद्धकैद्यांची चौकशी हे त्यांचे काम. मारहाण न करता, कधी रशियन अधिकाऱ्याचे सोंग घेऊन, ते कैद्यास बोलते करीत.

युद्धानंतरचे त्यांचे जीवन आम्हांस अधिक मननीय वाटते. ते जर्मन साहित्याचे प्राध्यापक झाले. ज्या भाषेत आप्तांच्या मृत्यूचे हुकूम निघाले, ती भाषा त्यांनी मारेकऱ्यांच्या हवाली केली नाही. देशोधडीस लागलेल्या लेखकांचे साहित्य त्यांनी जन्मभर अभ्यासिले. जन्मगावाने देऊ केलेले सन्माननीय नागरिकत्वही त्यांनी स्वीकारले. ७ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

क्षमेचा उपदेश करताना आपण धर्मसेवक पुष्कळदा विस्मरणाची घाई करतो. तो संहार तर चर्चघरांनी भरलेल्या देशात घडला. मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपणांस नाही. त्यांचे स्मरण राखणे मात्र आपले कर्तव्य आहे. स्टर्न यांनी काही विसरले नाही, तरीही द्वेषास घर दिले नाही. समेटाची वाट स्मरणातूनच जाते, असे आम्हांस वाटते.